पत्ता विचारला की वार सांगतात

परत आल्यापासून हैदराबादेत, हिमायतनगरातल्या आमच्या बिल्डिंगीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय सुधाताई, खेड्यावर जाऊन आलात म्हणे. हवा मस्त असेल ना?" हवा मस्त होती. हवेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी हवा खायला गेले नव्हते, हे जिन्यात उभं राहून प्रत्येकाला सांगायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझे धाकटे काका विकाराबादच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीकडच्या एका गावात राहतात. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या हैदराबादचं. कुणी कचेरीत, कुणी कोर्टात, कुणी कॉलेजात. एकटे काका तेवढे तेलुगू माध्यमाच्या सरकारी शाळेत मास्तर झाले, बदलीवर त्या गावात गेले आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झाले तरी परत आले नाहीत. तिथेच घर बांधलं, तूर लावण्यापुरती जमीन घेतली. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हैदराबादेत इलाज झाला, पाय बराचसा आला, उजवा हात मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले, आता औषधापेक्षा व्यायाम महत्त्वाचा, तोही शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि आत्ताच. हे महिने हातचे गेले की हात आहे तसाच राहणार. काकांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि काकूला गावी जायची पिशवी भरायला सांगितली.

त्यांचा मुलगा निखिल पुण्यात आयटीत आहे. त्याने फोनवर निकाल दिला. "ताई, तू एकदा जाऊन बघ. तिथे फिजिओथेरपीची सोय असेल तर राहू देत. नसेल तर दोघांना तुझ्याकडे घेऊन ये आणि घराला कुलूप लाव." वर त्याने मला कुठल्याशा सरकारी संकेतस्थळाचे फोटो पाठवले. काकांच्या मंडलापुढे, म्हणजे आपल्या तालुक्यापेक्षा लहान असा जो भाग असतो त्यापुढे, यच्चयावत सगळ्या सेवांना हिरवी खूण होती. निखिलला वाटलं, काम झालंच. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मी कुठेही येणार नाही." काकूला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

रविवार

नामपल्लीहून सकाळची गाडी धरली. गाडीबद्दल काही लिहीत नाही, ती गेली आणि पोचली. स्टेशनवर काकांनी धाडलेला नर्सिम्लू त्याची ऑटो घेऊन उभा होता. तिकडची ऑटो ही एकट्यादुकट्याची नसते, ती भरल्याशिवाय हलत नाही. माझ्यासोबत चार बायका, पाण्याची एक मोटर आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या बसल्या, तरी नर्सिम्लू रस्त्याकडे बघत उभाच. "निघायचं ना आता?" मी विचारलं. "हौ मेडम, निकलेच समझो," तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

रस्ता सुंदर आहे, हे चिडून का होईना, कबूल करायला हवं. काळ्या रानात तूर शेंगांनी वाकली होती, कापूस फुटून पांढरा झाला होता. मधेमधे फरशीच्या खाणी. तिकडे कुंपणंसुद्धा काट्यांची नाहीत, उभ्या फरशांची. आपण ज्या फरशीवर स्वयंपाकघरात पाय सरकवत फिरतो, ती तिथे शेळ्या अडवते.

काका ओसरीवर खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून. काकूने ज्वारीची भाकरी, शिजवलेल्या शेंगा आणि पच्चि पुलुसु वाढलं. हे चिंचेचं कच्चं सार, कांदा आणि हिरवी मिरची चुरून केलेलं. आमच्याकडे साराला फोडणी नाही दिली तर घरात अबोला होतो. इथे चिंच कोळली की झालं, आणि चव अशी की मी वाटी पुढे करत राहिले. काकू मात्र जेवेना. ती ताट घेऊन बसली की ओसरीवरून हाक यायची. पाणी. उशी. रेडिओचा आवाज. माशी. माझं जेवण आटोपून मी हात धुतले तेव्हा तिने पहिला घास घेतला, आणि तेवढ्यात काकांनी विचारलं, "अगं, सुधा जेवली का?"

सोमवार

सकाळीच कंबर कसून मी मंडलाच्या गावी आरोग्य केंद्रात गेले. बाहेर भिंतीवर सगळ्या सेवांची नावं रंगवलेली, त्यात फिजिओथेरपीही होती. मला वाटलं, निखिलची हिरवी खूण खरी निघाली. आत एक हसऱ्या नर्सबाई होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, काकांची विचारपूस केली. त्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या निघाल्या. तिकडे कुणाच्याही डोक्यावर हात ठेवा, तो काकांचा विद्यार्थी निघतो.

"फिजिओथेरपी कुठे आहे?" मी विचारलं.

"उन्नदम्मा," त्या म्हणाल्या. म्हणजे आहे.

"कुठे?"

"बुधवारी."

"वार नको, जागा सांगा."

"बुधवारी या ना अम्मा, दिसेल तुम्हाला."

ज्या खोलीच्या दारावर तशी पाटी होती ती मी उघडून बघितली. आत मच्छरदाण्यांचे गठ्ठे आणि एक मोडका तराजू होता. मी परत येऊन विचारलं, बुधवारी ही खोली उघडते का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, चहा घ्या. घरी आल्यावर काकांना सांगितलं तर ते खूश झाले. "मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी काहीही म्हटलेलं नव्हतं.

मंगळवार

बुधवारची वाट बघत हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून पंचायतीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानेही आधी चहा मागवला. एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की ज्या ठिकाणी आपण सरळ 'नाही' म्हणू, तिथे ही माणसं चहा देतात. त्या आठवड्यात मी जितका चहा प्यायले तितका आमच्याकडे गणपतीत होत नाही. मी त्याला समजावून सांगितलं की सारूंसाठी, म्हणजे काकांसाठी (तिकडे सरांना सारू म्हणतात), हातापायांना व्यायाम देणारं माणूस हवं आहे. त्याचा चेहरा उजळला. "आहे ना अम्मा. आजच आहे. बाजारात, चिंचेखाली."

आठवड्याचा बाजार त्या दिवशी होता. गेले. मिरच्यांचे ढीग, वांगी, बांगड्या, प्लास्टिकच्या बादल्या हे तर होतंच, पण झाडांच्या सावल्यांत अख्खी सरकारी कचेरी मांडली होती. एका झाडाखाली डोळे तपासून चष्मे देणारा. दुसऱ्याखाली बँकेचं मशीन घेऊन बसलेली मुलगी, तिच्यापुढे पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग. तिसऱ्याखाली आधारकार्डाचे ठसे घेणारा. तिथे मला उलगडा झाला. आपल्याकडे दुकान एका जागी बसतं आणि आपण तिथे जातो. तिकडे सगळी सोय चाकांवर आहे. बँक मंगळवारी इथे, गुरुवारी पलीकडच्या गावी. लोकांना जागा लक्षात ठेवायची गरजच पडत नाही, कारण जागा एकच, झाडाखाली. लक्षात ठेवायचा तो वार. हे कळल्यावर माझा राग थोडा उतरला होता. मग मी चिंचेखाली पोचले.

तिथे एक धिप्पाड गृहस्थ तेलाच्या बाटल्या मांडून बसले होते. मागे कापडावर सापाचं आणि सांगाड्याचं चित्र. मी विचारायला तोंड उघडलं तोच त्यांनी माझं मनगट पकडलं. "नस चढलीय," ते म्हणाले. "माझी नाही, माझ्या काकांची," मी म्हणाले, पण तोवर त्यांनी ते असं पिरगळून ओढलं की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुजलेलं मनगट ओल्या फडक्यात गुंडाळून मी घरी आले. आता घरात दोन्ही हात धड असलेली एकटी काकूच उरली, आणि तिच्याही एका हातात कायम पळी असते. माझी वेणीही तिनेच घातली. "तू बैस गं," ती म्हणाली, "मी करायले ना."

बुधवार

बुधवारी स्टँडवर फिरत्या दवाखान्याची गाडी येते, तीच ती नर्सबाईंची बुधवारची फिजिओथेरपी असणार असा मी हिशोब केला. काकांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "मी त्या रांगेत उभा राहणार नाही. निम्मी रांग माझ्या वर्गातली आहे."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? त्यांना मी छडी घेऊन रांगेत उभं केलंय."

मी खूप बोलले. त्यांच्या हट्टापायी काकूचे काय हाल चाललेत, निखिलला रजा मिळत नाही, माझं मनगट. त्यांनी रेडिओ लावला. मी एकटीच गेले. गाडीतले लोक भले होते, रक्तदाब आणि साखर तपासून गोळ्या देत होते. फिजिओथेरपीचं नाव काढताच त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "ती आमच्या गाडीत नसते. ती शुक्रवारी."

"शुक्रवारी कुठे?" माझा आवाज चढला होता.

"शाळेत. पण," असं म्हणून त्यांच्यातल्या एका मुलाने माझं ब्लडप्रेशर घेतलं आणि मला गोळी सुचवली. 'पण'च्या पुढे काय, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी निखिलचा फोन आला. मी सांगितलं की शुक्रवारपर्यंत बघते, नाही तर शनिवारच्या गाडीची तिकिटं काढ, तिघांची. काकू तिथेच तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. तिला हैदराबादला यायचं आहे की नाही हे मला त्या मानेवरून काही समजेना, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं.

गुरुवार

गुरुवारी शेजारची मंगम्मा टोपलीभर तुरीच्या शेंगा घेऊन आली. ती दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाते. नवरा कामासाठी हैदराबादेत, घरी ती आणि तिची मुलगी लावण्या. लावण्या आठ-नऊ वर्षांची असेल, जन्मापासून तिचे पाय कडक आहेत, कुणी धरल्याशिवाय तिला चालता येत नाही. मंगम्मा ओसरीच्या पायरीवर बसली आणि शेंगा सोलता सोलता काकूला सांगू लागली की वेचणी सुरू झाल्यापासून लावण्याचे शुक्रवार बुडतायत. शाळेत मॅडम येते पाय हलवून घ्यायला, पण मुलासोबत घरचं मोठं माणूस असल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि वेचणी सोडून जावं तर मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर उभं करत नाही.

मी हातातली शेंग खाली ठेवली. "कोण मॅडम?"

"फिजिओ मॅडम. अपंग मुलांसाठी येते."

"मंगम्मा, मी रविवारपासून अख्ख्या गावाला हेच विचारतेय. तुलासुद्धा विचारलं, सोमवारी, नळावर."

"तुम्ही सारूंसाठी विचारलं होतं."

"मग?"

मंगम्माने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वाईट बोलले होते. "सारूंना कसं सांगणार, लहान मुलांत जाऊन बसा म्हणून? ते हेडमास्तर होते त्या शाळेचे."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. नर्सबाईंना, कारकुनाला, गाडीतल्या त्या 'पण'वाल्या मुलाला. सारूंना बालवर्गात बसवायचं तोंडाने म्हणणं हा त्यांना अपमान वाटत होता, आणि घरी आलेल्या पाहुणीला 'नाही' म्हणणं हाही अपमान. दोन्ही टाळायचे म्हणून त्यांनी मला गावभर फिरवलं, चहा पाजला आणि सापाच्या चित्राखाली पाठवलं. इतक्या आदराने कुणी कुणाचा हात वाया घालवला असेल असं मला वाटत नाही. हे मी तेलुगूत, मराठीत आणि दखनीत, तिन्हींत बोलून दाखवलं. मंगम्मा शेंगा सोलत राहिली.

काका खुर्चीतून सगळं ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला. "मंगम्मा," ते म्हणाले, "वेचणी लागल्यापासून एकही शुक्रवार गेली नाही ती?"

"नाही सारू."

"आणि शाळेतून कुणी विचारायला आलं नाही?"

"नाही सारू."

काकांचा चेहरा लाल झाला. बिनारजेची गैरहजेरी त्यांना नोकरीत कधी सहन झाली नाही, आणि तिची चौकशी न करणारा मास्तर तर त्याहून नाही. "उद्या मी नेतो तिला," ते म्हणाले. "मोठं माणूस लागतं ना? मी मोठा आहे."

काकू पळी घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. काकांनी स्वतःसाठी ही वाट काढली, की त्यांना खरोखरच त्या पोरीचा हजेरीपट बिघडलेला बघवला नाही, हे मी विचारलं नाही. त्या आठवड्यात मी गप्प बसले ती एवढी एकच वेळ.

शुक्रवार

नर्सिम्लूची ऑटो त्या दिवशी भरायच्या आत निघाली. "सारू बैठे हैं ना मेडम," तो मला म्हणाला, "पीरियड को लेट नक्को." माझ्यासाठी हा नियम का नव्हता ते मी त्याला विचारलं. तो हसला. मागे काका आणि लावण्या, पुढे मी आणि काकू. काकूने पिशवीत पाणी, टॉवेल, गोळ्या, काकांचा दुसरा शर्ट, उशी असं काय काय घेतलं होतं. रस्ताभर ती वळून वळून बघत होती, काका कलंडत तर नाहीत ना. काका लावण्याला सतराचा पाढा विचारत होते.

शाळेच्या मागच्या खोलीत सतरंज्या घातलेल्या, भिंतीला धरून चालायची दांडी, रंगीत चेंडू. फिजिओ मॅडम वारंगळकडची, तरतरीत मुलगी. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मोठ्या पेशंटला मी इथे घेऊ शकत नाही अम्मा. ही सोय मुलांची आहे." माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण मुलासोबत जे येतात त्यांना मी सगळे व्यायाम शिकवतेच. घरी त्यांनाच करून घ्यायचे असतात. त्यांनी आधी स्वतः करून दाखवावे लागतात." तिने काकांच्या हाताकडे पाहिलं. "दोन्ही हातांनी."

मग तिने काकांना सतरंजीवर लावण्याशेजारी बसवलं आणि उजव्या हातात पिवळा चेंडू दिला. काकूने धावत जाऊन उशी पुढे केली. "सारूंना उशी नको," मॅडम म्हणाली. काकू टॉवेल काढू लागली. "अम्मा, इथे एका मुलामागे एकच माणूस. तुम्ही बाहेर बसा. काही लागलं तर मी आहे." काकांनी मान वर न करता म्हटलं, "जा गं." आम्ही बाहेर आलो.

व्हरांड्याच्या पायरीवर बसलो न बसलो तोच निखिलचा फोन. "ताई, मिळालं का?"

"मिळालं."

"खरंच? लोकेशन पाठव ना, मॅपवर टाकून ठेवतो."

"शुक्रवार," मी म्हटलं.

"अगं, जागा विचारतोय."

"मीही तेच विचारत होते. तू तिकिटं रद्द कर." तो आणखी बरंच काही विचारत होता. आठवड्यातून एकदाच पुरेल का, डिग्री काय आहे तिची, तक्रार करायची झाली तर कुठे. मी त्याला म्हटलं, ये आणि चहा पी. मी फोन ठेवला.

आतून मॅडमचा आवाज येत होता, दाबा, सोडा, दाबा. मधूनच काकांचा, "लावण्या, पाठ सरळ." काकू पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "काकू, समोर टपरी आहे, चहा घेऊ या?" नको म्हणाली. देवळात जाऊन यायचं का? नको. काही विकत घ्यायचं आहे का, सुया, दोरा, बांगड्या? "नको गं. बैस," ती म्हणाली. तिने पिशवी खाली ठेवली आणि चपला काढून पाय लांब केले. टाचांना भेगा पडल्या होत्या. मी आल्यापासून तिला अशी बसलेली पाहिली नव्हती, आणि हे माझ्या आत्ता लक्षात येत होतं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "हे दर शुक्रवारी राहतंय का?"

"हो. दर शुक्रवारी."

"नर्सिम्लू नेतो, तोच आणून सोडतो?"

"हो."

"मग पुढच्या वेळी मी नाही आले तर चालंल?"

मला वाटलं ऑटोत तिची कंबर दुखली असेल. "चालेल की," मी म्हटलं. "पण तू घरी एकटी काय करशील?"

काकूने त्यावर खरोखरच विचार केला. समोरच्या मैदानाकडे बघत ती काही आठवू लागली, जे करायचं कधीपासून राहून गेलं असेल असं काहीतरी. मग तिने मान हलवली.

"काही नाही," ती म्हणाली.